रंग द्यायला बोलावता, ठरवायला केव्हा बोलावणार?

सरकारी भिंतीवर झाड रंगवायचे असले की कलावंताची आठवण होते. रस्त्याकडेचे खरे झाड तोडायचे ठरते त्या बैठकीत मात्र त्याला खुर्ची नसते. वर्ध्याने हे २०२० साली उघड्या डोळ्यांनी पाहिले. वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करायचा म्हणून जुनी डेरेदार झाडे आडवी होऊ लागली, तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले आणि कुऱ्हाड थांबवावी लागली. काही झाडे तोवर गेलीच होती. त्या रस्त्याची सावली हीच त्याची खरी रचना, हे सांगायला कुणी मोठा पंडित लागत नव्हता. हातात कोळसा घेऊन त्या रस्त्याचे एकदा चित्र काढलेल्या कुठल्याही पोराने ते सांगितले असते. पण आराखडा कागदावर उतरत होता तेव्हा तिथे असे पोर नव्हते. तिथे होती फक्त रस्त्याची रुंदी, मीटरमध्ये.

आता चला सावंगी (मेघे)ला. हे गाव जनगणनेच्या वहीत शहर आहे आणि कारभाराच्या वहीत खेडे. पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला चारशे माणसे आणि कमावत्या पुरुषांपैकी तीन-चतुर्थांश शेतीबाहेर, एवढे जमले की जनगणना गावाला शहर म्हणून मोकळी होते. पण कारभार सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडेच राहतो. बोरगाव, सिंदी, पिपरी, सावंगी ही कंसात ‘मेघे’ मिरवणारी सगळी भावकी वर्धा शहराला चिकटून अशीच अधांतरी वाढली. सावंगीत १९९० साली वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, विनोबांच्या नावाचे रुग्णालय झाले, २००५ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा आला. विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून रोगी येतात, देशभरातून विद्यार्थी येतात. मग यवतमाळ रस्त्याच्या कडेने मेडिकल स्टोअर, झेरॉक्स, मेस, भाड्याच्या खोल्या, लॉज असे सगळे आपोआप उगवले. काल जिथे कपाशीचे वावर होते तिथे आज लेआउट पडला, पांदण होती तिथे सिमेंटचा रस्ता आला, गुरांच्या आखराचे काय झाले ते म्हाताऱ्यांना विचारा.

या गावाचा चेहरा कसा असावा हे कुणी ठरवले? कुणीच नाही. प्लॉट विकणाऱ्याने प्लॉट पाडले, ठेकेदाराने नाली काढली, वीजवाल्याने खांब रोवले, पुढाऱ्याने फ्लेक्स लावला. चौघांच्या चार दिशा, आणि त्यांच्या बेरजेला आपण विकास म्हणतो. नियमाप्रमाणे ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ‘ओपन स्पेस’ हे तिचे रूढ नाव. तिचे नशीब विदर्भातल्या कुठल्याही शहराच्या वेशीवर जाऊन पाहा. आधी कचरा, मग कुणाच्या तरी ट्रॅक्टरची ट्रॉली, मग एका रात्रीत चबुतरा, मग त्यावर झेंडा, आणि मग कुणाची हिंमत? दहा टक्के मोकळ्या जागेवर पोरांनी खेळायचे की म्हाताऱ्यांनी बसायचे की दंडार या लोकनाट्याची तालीम व्हायची, हा प्रश्नच कुणी विचारलेला नसतो. हा प्रश्न विचारणे हेच कलावंताचे पहिले काम आहे. भिंत रंगवणे हे फार नंतरचे.

आणि हे आम्ही वर्ध्यात बसून सांगतो आहोत, यासारखी शरमेची गोष्ट नाही. कारण कला आणि गावरचना हे एकच काम आहे, हे साऱ्या देशाला शिकवले ते याच जिल्ह्याने. गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. ज्या मातीच्या घराला आज आपण बापूकुटी म्हणतो ते मुळात गांधींच्या शिष्या मीराबेनने बांधलेले. तिच्या भिंतींवर मीराबेनने मातीतच उठावाची चित्रे काढली आहेत, ताडाची झाडे आणि चरखा. ती चित्रे भिंत उभी राहिल्यावर कंत्राट देऊन काढून घेतलेली नाहीत. जिने भिंत लिंपली तिनेच ती चितारली. बांधणारी आणि काढणारी एकच बाई. या एका भिंतीत आजच्या साऱ्या ‘सौंदर्यीकरणा’ला लाज वाटावी एवढे शहाणपण आहे.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. अधिवेशनासाठीचे टिळकनगर उभारायला गांधींनी कुणाला बोलावले? शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांना. बोसबाबू काही तंबू उभे झाल्यावर त्यावर वेलबुट्टी काढायला आले नव्हते. मांडव कशाचा, कमान कशाची, बांबू कुठला, कारागीर कोण, इथपासून त्यांचा आणि वास्तुकार म्हात्रे यांचा हात होता. सामान खानदेशातल्या खेड्यांचे, हात त्याच खेड्यांतल्या माणसांचे. गांधींनी उघड सभेत श्रेय दिले ते या दोघांना. सव्वा वर्षातच हरिपुऱ्याच्या काँग्रेस अधिवेशनासाठी बोसबाबूंनी ढोलकीवाला, शिंपी, कुंभार, शेतकरी अशी ऐंशीहून अधिक चित्रे करून अधिवेशनाच्या वाटेवर लावली. आजच्या कुठल्या पक्षाच्या अधिवेशनाची कमान आठवून पाहा. नेत्यांचे चेहरे उतरत्या आकारात, पदाप्रमाणे.

बोसबाबूंचा शिष्य देवी प्रसाद १९४४ साली सेवाग्रामला आला आणि १९६२ पर्यंत राहिला. गांधींच्या नई तालीमच्या शाळेत तो मुलांना चित्रे काढायला शिकवी, मातीची भांडी करायला शिकवी. कला हा शिक्षणाचा दागिना नसून पाया आहे, हे त्याने पुढे पुस्तक लिहून मांडले. वर्ध्याच्या किती शिक्षकांना, किती नगरसेवकांना हे नाव ठाऊक आहे? आणि १९३६ सालीच गांधींनी ज्या खंजिरीवाल्या तरुण साधूला सेवाग्रामला बोलावून महिनाभर ठेवून घेतले ते तुकडोजी महाराज. पुढे त्यांनी ‘ग्रामगीता’ लिहिली. एकेचाळीस अध्यायांत गावाची रचना, सफाई, आरोग्य, शिक्षण, भांडणे, सण सगळे आले. एका भजन गाणाऱ्याने नगररचनेचा ग्रंथ लिहिला आणि तो गावागावांत टाळ-खंजिरीवर गाइला गेला. नगररचना विभागाचा एखादा तरी अहवाल कुणी असा गाइल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

मग हे सगळे गेले कुठे?

गेले ते अनुदानाच्या रकान्यात. स्वच्छतेच्या स्पर्धा आल्या, पाहणीला पथके येऊ लागली आणि गुणांसाठी भिंती रंगवायची टूम निघाली. चौरस फुटाच्या दराने कंत्राट निघते. कंत्राटदार जिल्ह्याबाहेरचा. तो चार बेरोजगार चित्रकला पदवीधरांना मजुरीच्या दराने उचलतो आणि त्यांच्याकडून तेच चित्र काढून घेतो: हिरवी पृथ्वी, दोन हात, एक थेंब, ‘पाणी वाचवा’. ज्या भिंतीवर ‘पाणी वाचवा’ लिहिले तिच्या पायथ्याशी नळाची गळती आहे, आणि ती गळती सर्वांत आधी कुणी पाहिली? बादली घेऊन रंग कालवणाऱ्या त्या पोराने. त्याला कुणी विचारले का? तो पाहण्यात तरबेज आहे म्हणूनच तुम्ही त्याला आणले ना? आणि मग त्याने जे पाहिले तेवढे सोडून बाकी सगळे त्याच्याकडून रंगवून घेतलेत.

याहून संताप आणणारी गोष्ट रांगोळीची. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने ग्रामपंचायतींनी आपला आराखडा लोकांना घेऊन करायचा, अशी रीत राज्यात गेल्या दशकापासून आहे. तीत शिवारफेरी आहे, महिलासभा आहे, वॉर्डसभा आहे, आणि गावाचा नकाशा जमिनीवर रांगोळीने काढायचा, अशीही पद्धत आहे. विहीर कुठे, शाळा कुठे, कोणाच्या घरी संडास नाही, कोणत्या मोहल्ल्यात पाणी पोचत नाही, हे बायाबापड्यांनी बोटांनी मातीत उतरवायचे. काय सुंदर कल्पना! लोककला आणि लोकशाही एका चौकात. आणि प्रत्यक्षात? रांगोळी काढायला चार आशाताई, अंगणवाडीच्या दोन सेविका. फोटो निघतो, संगणकावर चढतो, नकाशावर चप्पल पडते, आराखडा मात्र आधीच कुणाच्या तरी टेबलावर टंकून तयार असतो. मातीवर लोकांनी काढलेली विहीर कागदावर येता येता सभामंडप होते. कलेचा अपमान म्हणायचा की लोकशाहीचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्हाला दोन्हींत फरक दिसत नाही.

‘अहो, नालीला पैसा नाही, कला कुठली घेऊन बसलात?’ हा पुढाऱ्यांचा ठरलेला सवाल. जणू कला मागणारा झुंबर मागतो आहे. आम्ही झुंबर मागत नाही. रुग्णालयाच्या गावात रोग्यापेक्षा त्याचे नातेवाईक जास्त असतात. ते बसतात कुठे, डबा खातात कुठे, मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत सावली कुठे शोधतात, रात्री पाठ कुठे टेकतात? अभियंत्याचा नकाशा हे दाखवत नाही, कारण त्या नकाशात माणसे नसतात. दोन दिवस त्या रस्त्यावर बसून रेखाटने करणारा चित्रकार हे दाखवतो. रस्त्याची कड दोन फूट आत घेतली आणि चार कडुनिंब लावले तर बसायला जागा होते, हे त्याच्या रेखाटनातच दिसते. नाली कुठून काढायची हे कळण्यासाठीसुद्धा पाणी कसे वाहते ते कुणीतरी आधी डोळे उघडून पाहावे लागते.

आणि अंदाजपत्रक? पंचायतीचा पैसा किती आला, पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के पाणी-स्वच्छतेलाच बांधलेला कसा होता, उरलेल्यातून काय करता आले असते, हे ग्रामसभेत वाचून दाखवतात ते अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला झोप यावी आणि सही करून घरी जावे. सत्यशोधकांच्या जलशांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सावकाराचे व्याज आणि भट-कुलकर्ण्याची लूट तमाशाच्या अंगाने, गण-गवळण मोडून, अडाणी शेतकऱ्याला बरोबर समजावली. आंबेडकरी जलशांनी माणूसपणाचा कायदा गाऊन सांगितला. ज्या महाराष्ट्रात हे घडले तिथे एका पंचायतीचा जमाखर्च भजनी मंडळाला समजावून सांगता येत नाही? समजावता येतो. समजावायचा नसतो.

विदर्भात तर कारभाराचे लेखापरीक्षण करणारी कला अजून जिवंत आहे, आणि तिला सरकारी अनुदान लागत नाही. नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. या प्रथेला सव्वाशे वर्षे केव्हाच उलटली. मारबतीमागून बडगे निघतात. महागाईचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या, भ्रष्ट पुढाऱ्याचा बडग्या. बांबू, कागद, चिंध्या यांचे केवढाले पुतळे आणि गळ्यात पाटी. वर्षभर महापालिकेने काय दिवे लावले याचा निकाल गल्लीतली पोरे भर रस्त्यात लावतात आणि संध्याकाळी त्याला आग देतात. हा बडग्या करणारा हात आणि अंदाजपत्रक करणारा हात यांची वर्षातून एकदा तरी समोरासमोर गाठ पडावी, एवढेच आमचे मागणे आहे. बडग्या जाळण्याआधी पडावी.

कलेची आणि कारभाराची अशी गाठ जगात पडलेली आहे. अल्बानियाची राजधानी तिराना. तिथे २००० साली एदी रामा नावाचा चित्रकार महापौर झाला. तिजोरी रिकामी, इमारती करड्या, फुटपाथवर बेकायदा टपऱ्यांचे जंगल. त्याने इमारतींना भडक रंग दिले, हे सगळ्यांनी पाहिले आणि त्याची नक्कल केली. टपऱ्या उठवून त्याने नदीकाठ आणि बागा मोकळ्या केल्या, हे कमी लोकांनी पाहिले. पुढे तो देशाचा पंतप्रधान झाला आणि त्याच्यावर टीकाही भरपूर झाली. चित्रकार म्हणजे देवमाणूस असे आम्हाला सुचवायचे नाही. कोलंबियाच्या बोगोटा शहरात आंतानास मोकुस या तत्त्वज्ञ महापौराने वाहतूक सुधारायला चौकाचौकांत मूकाभिनय करणारे नट उभे केले. झेब्रा पट्ट्यावर गाडी घालणाऱ्याची ते नक्कल करत आणि लोक हसत. दंडाला न जुमानणारा माणूस हसण्याला लाजला. (आपल्याकडे ‘कलावंत राजकारणात’ म्हटले की नटाला तिकीट देणे एवढाच अर्थ निघतो. ते वेगळे दुकान आहे.)

आणि आपल्याकडे जिथे सरकारी नियमाने कलावंताची संमती घ्यावी लागते, तिथे काय होते? मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवछत्रपतींचा पस्तीस फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी मोठ्या थाटात उघडला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. आमची मान्यता सहा फुटांच्या मातीच्या नमुन्यापुरती होती, असे कला संचालनालयाच्या संचालकांनी नंतर सांगितले. कलावंताचे मत म्हणजे फाइलवरचा एक शिक्का, तो एकदा मिळाला की पुढे कुणालाच विचारायचे नाही, ही जी वृत्ती आहे तिने महाराजांचीही गय केली नाही. सावंगीतल्या चौकाची काय कथा.

आता कलावंतांकडे वळतो, कारण दोष एकट्या सरकारचा नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्यात ९६वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, आणि त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही. एका गावात दोन संमेलने, दोन विचार. चर्चा झडल्या, ठराव झाले. चांगले झाले. पण साहित्यिकहो, चित्रकारहो, नाटकवाल्यांनो, तुमच्यापैकी कितीजण आपापल्या गावच्या ग्रामसभेला गेलात? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा काही गुप्त नाहीत. व्यवस्थेवर कविता करता, आणि व्यवस्था जिथे दर तीन महिन्यांनी सतरंजीवर येऊन बसते तिथे फिरकत नाही. भिंतीचे कंत्राट मिळाले की तोंड मिटता. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची मांडणी रात्रभर जागून करता आणि त्याच फ्लेक्सने गावातल्या हाताने अक्षरे काढणाऱ्या पेंटरची चूल विझवली हे विसरता. ‘आम्ही राजकारणात पडत नाही’ म्हणता. मग राजकारण तुमच्यावर पडते, तेव्हा निषेधाचे पत्रक काढता.

ग्रामसभा ही काय चीज आहे, हे समजून घ्या. पंचायतीच्या हद्दीतल्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सदस्य आहे. निवडून यावे लागत नाही, कुणी नेमावे लागत नाही. मुंबईत राहणाऱ्या मोठ्या चित्रकाराला हा हक्क नाही. शहरात थेट सभेत उभे राहून प्रश्न विचारायची अशी सोयच नाही, तिथल्या मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद कागदावरच राहिली. सावंगीतल्या मूर्तिकाराला, भजन गाणाऱ्या बाईला, वसतिगृहात गिटार वाजवणाऱ्या पण इथेच मतदार झालेल्या पोरालाही तो आहे. आज-उद्या ही मेघे गावे नगरपंचायत होतील किंवा वर्ध्यात विलीन होतील. शहर झाल्याचे पेढे वाटले जातील आणि त्याच दिवशी ग्रामसभा हातची जाईल. तिच्या जागी येईल नगरसेवक आणि त्याचा मोबाइल नंबर. तेव्हा जे ठरवायचे ते आत्ता, शहराने गावाला गिळण्याआधी, ठरवून घ्या. घटनेचे पाठबळ आहे. ७३व्या दुरुस्तीच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या २९ विषयांत सांस्कृतिक कार्य आहे. ७४व्या दुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत शहरांच्या १८ कामांत सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाजूंची वाढ हे स्वतंत्र काम म्हणून नोंदले आहे. गेल्या तीस वर्षांत या ओळीवर किती नगरपालिकांनी एक रुपया विचार करून खर्च केला?

एक भीती आम्हालाही आहे, ती लपवत नाही. कलावंत आले, वस्ती देखणी झाली, की भाडी चढतात आणि गरीब उठतो. न्यूयॉर्कच्या सोहोमध्ये रिकाम्या कारखान्यांत चित्रकार राहू लागले, १९७१ साली त्यांना कायद्याने राहू दिले, आणि पुढे तिथे दागिन्यांची आणि कपड्यांची दुकाने आली, चित्रकार हद्दपार. सावंगीतही खोल्यांची भाडी विद्यार्थ्यांच्या बापांच्या खिशाकडे पाहूनच ठरतात. म्हणून नुसती शोभा वाढवणारा कलावंत नको. भाड्याने राहणारी परिचारिका, मेसमध्ये पोळ्या लाटणारी बाई, रात्रीचा ऑटोवाला यांना त्या शोभेत जागा आहे का, हे विचारणारा हवा. आधी विचारणारा, मग रंगवणारा.

उपदेश पुरे. पुढच्या ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदाच आम्ही येथे लिहून देत आहोत. सावंगीने घ्यावा, बोरगाव-पिपरीने उचलावा, ज्याला हवा त्याने नक्कल करावी.

‘ही ग्रामसभा ठरविते की, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ अन्वये ग्रामविकास समिती नेमताना तीत गावातील किमान दोन कलावंत, पैकी एक स्त्री, घेण्यात यावेत. हद्दीतील प्रत्येक लेआउटच्या मोकळ्या जागेचा वापर ठरविण्यापूर्वी त्या जागेवर बसून केलेली रेखाटने व लोकांनी काढलेला रांगोळी-नकाशा ग्रामसभेपुढे ठेवण्यात यावा, आणि त्या नकाशाचे छायाचित्र आराखड्यास जोडून मंजूर कामांशी ताडून पाहण्यात यावे. जे काम नकाशात नाही त्याचे कारण लेखी द्यावे. वार्षिक जमाखर्च भजन, पथनाट्य अथवा दंडारीच्या रूपाने सभेपूर्वी सादर करण्यात यावा व त्याचे मानधन पंचायतीच्या स्वनिधीतून, कामापूर्वी ठरवून, थेट कलावंताच्या खात्यात द्यावे. भिंतीवर चित्र काढण्याचे कोणतेही काम बाहेरच्या कंत्राटदारास देऊ नये. रस्त्यालगतचे झाड तोडण्याचा प्रस्ताव त्या रस्त्याच्या चित्रासह मांडल्याशिवाय विचारात घेऊ नये.’

सूचक आणि अनुमोदक यांच्या जागा कोऱ्या आहेत.